तारकासंपन्न राष्ट्रीय बास्केटबॉल संघांचे अपयश

नामवंत व्यावसायिक खेळाडूंनी भरलेला राष्ट्रीय संघ ऑलिंपिक वा जागतिक स्पर्धेत कागदावर दुबळ्या दिसणाऱ्या संघाकडून हरतो, अशा वारंवार घडलेल्या प्रकाराची ही नोंद. त्याची चर्चा बहुधा अमेरिकेच्या पुरुष संघाभोवती फिरते.

त्याचा आरंभ कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. काहीजण १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील सोव्हिएट संघाकडून झालेला ८२–७६ असा पराभव पुढे करतात. पण तो अमेरिकी संघ महाविद्यालयीन खेळाडूंचा होता, त्यामुळे हा दाखला येथे लागू पडत नाही. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या, खेळाडूंना १९८९ मध्ये दार उघडले आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात त्यांच्या अमेरिकी संघाने, ‘ड्रीम टीम’ने, अंतिम सामन्यात क्रोएशियाला ११७–८५ असे नमवले. दुसऱ्या मतानुसार पहिली चाहूल २००० मध्ये सिडनीत लागली. तेथे उपांत्य सामन्यात लिथुएनिया अमेरिकेकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. परंतु एनबीए खेळाडूंच्या अमेरिकी संघाचा पहिला प्रत्यक्ष पराभव २००२ च्या इंडियानापोलिस येथील जागतिक स्पर्धेतला, अर्जेंटिनाकडून ८७–८० असा. पुढे युगोस्लाव्हिया व स्पेन यांनीही हरवल्याने यजमान सहावे आले. आरंभ येथूनच धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

कारणांत नियमभेद आधी सांगितले जातात. फिबाच्या नियमांनुसार सामना एनबीएच्या ४८ ऐवजी ४० मिनिटांचा असतो, त्यामुळे पिछाडी भरून काढायला वेळ कमी मिळतो. खेळाडू सहाऐवजी पाच फाउलांवर बाद होतो. चेंडू रिंगला लागला की तो रिंगवर असतानाही कोणीही टोलवू शकतो. एनबीएत तसे चालत नाही. सर्वांत परिणामकारक भेद बचावाचा आहे. एनबीएत कोणालाही जवळून रोखत नसलेल्या बचावपटूला बास्केटखालच्या रंगीत भागात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत हे बंधन नाही. त्यामुळे उंच बचावपटू तेथे ठाण मांडतो आणि एकट्याने मुसंडी मारणाऱ्याची वाट बंद होते. अशा झोन (खेळाडूऐवजी जागा राखणाऱ्या) बचावाला उत्तर म्हणजे झटपट पास आणि लांबून अचूक नेम. २००४ मध्ये अथेन्सला प्वेर्तो रिकोविरुद्ध अमेरिकेच्या तीन गुणांच्या २४ फेकींपैकी फक्त ३ लागल्या आणि सामना ९२–७३ असा गेला.

तरीही नियमभेदाने सगळे उलगडत नाही. त्याच नियमांखाली अमेरिकेने २००८ ते २०२४ सलग पाच ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. एकत्र घालवलेला काळ हे कारण अधिक वजनदार दिसते. अर्जेंटिनाचे जिनोबिली, स्कोला, नोसिओनी वर्षानुवर्षे एकत्र खेळले होते. अमेरिकेचा संघ मात्र काही आठवड्यांत जुळवलेला असे. २००५ नंतर अमेरिकी संघाचे व्यवस्थापक जेरी कोलँजेलो व प्रशिक्षक माइक शशेव्हस्की यांनी खेळाडूंकडून दीर्घकालीन बांधिलकी मागितली. तरी २००६ च्या जागतिक स्पर्धेत ग्रीसने स्क्रीनच्या (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवण्याच्या) साध्या चाली पुन्हापुन्हा खेळून अमेरिकेला १०१–९५ असे हरवले. २०१९ (सातवे स्थान) व २०२३ (चौथे) च्या विश्वचषकांतील अपयशांत मात्र आघाडीच्या खेळाडूंची गैरहजेरी हेच मुख्य कारण. ती दोन्ही या सदरात मोडतात का, हा प्रश्नच आहे.

संशोधक रोडेरिक स्वाब व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे मांडले की, बास्केटबॉल व फुटबॉलमध्ये एका मर्यादेपलीकडे वाढलेली प्रतिभा समन्वय बिघडवते. २०२१ च्या फेरविश्लेषणात लाभ घटत जातो, पण हानी होत नाही, असे दिसले. मूळ अभ्यासातील बास्केटबॉलची आकडेवारी एनबीएची असल्याने राष्ट्रीय संघांना ती जपूनच लावावी.

इतरत्र, २०१४ च्या विश्वचषकात यजमान स्पेन उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून ६५–५२ असा हरला. महिलांच्या ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये हा प्रकार अमेरिकेबाबत दिसत नाही. तिच्या संघाने १९९६ पासून सलग आठ ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, त्यांतील २०२४ चे फ्रान्सविरुद्ध ६७–६६ असे.