संगणकावर ऑडिओ सीडी वाजवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्याकडे संगणक दुरुस्तीसाठी येणारे अनेक ग्राहक अलीकडे सोबत जुन्या सीडींची पिशवीही आणतात. कोणाकडे अहिराणी गाण्यांच्या सीडी असतात, कोणाकडे घरच्या कानबाईच्या उत्सवात ध्वनिमुद्रित केलेली आजीची गाणी. ‘सीडी संगणकात दिसते, पण गाणी पेनड्राइव्हवर जात नाहीत,’ ही त्यांची नेहमीची तक्रार असल्याने त्यामागचे कारण आणि उपाय येथे देत आहोत.

ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली ती संगणकासाठी नव्हे, तर घरातील सीडी प्लेअरसाठी. त्यामुळे तिच्यावर आपल्या ओळखीच्या अर्थाने फाइली नसतातच. दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली ध्वनीची १६ बिटांची मोजमापे, डाव्या आणि उजव्या बाजूची, आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सलग सर्पिल रेषेत नोंदलेली असतात. विंडोज आपल्याला ‘ट्रॅक ०१.सीडीए’ अशा नावांच्या ज्या फाइली दाखवते, त्या प्रत्येकी अवघ्या ४४ बाइटच्या असून त्यांत गाणे नसते. गाणे सीडीवर कोठे सुरू होते आणि किती वेळ चालते, एवढीच नोंद त्यांत असते. आमच्या एका ग्राहकाने अशा चौदा फाइली पेनड्राइव्हवर घेऊन सुरतेच्या बहिणीकडे पाठवल्या आणि तिकडे एकही गाणे वाजेना. सुदैवाने मूळ सीडी घरीच होती.

मात्र ‘शंभर गाणी’ असे छापलेली सीडी बहुधा एमपीथ्री सीडी असते. ऑडिओ सीडीवर ७४ ते ८० मिनिटांहून अधिक संगीत मावत नाही, यावरूनच ते ओळखावे. एमपीथ्री सीडीवर खऱ्या फाइली असतात आणि त्या नेहमीसारख्या कॉपी होतात.

नुसते ऐकायचे असल्यास सीडी ड्राइव्हमध्ये घालून विंडोज मीडिया प्लेअर उघडावा, किंवा व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘मीडिया’ या यादीतील ‘ओपन डिस्क’ निवडून त्यात ‘ऑडिओ सीडी’वर खूण करावी. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो. त्यासाठी यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. तो थेट लॅपटॉपलाच जोडावा, कारण एका यूएसबीतून अनेक जोडण्या काढणाऱ्या स्वस्त हबमधून त्याला पुरेशी वीज मिळत नाही, आणि मग सीडी फिरते, थांबते, पुन्हा फिरते. ग्राहकाला वाटते ड्राइव्हच बिघडला.

गाणी कायमची संगणकावर घ्यायची असतील, तर त्यांची कॉपी न करता ती ‘रिप’ करावी लागतात, म्हणजे संगणकातील प्लेअरकडून सीडी वाचून घेऊन तिच्या फाइली तयार कराव्या लागतात. या फाइली वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. वेव्ह प्रकारात दर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. फ्लॅक प्रकारात ध्वनी जराही न गमावता ती साधारण निम्म्यावर येते. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीत मिनिटाला जेमतेम १ एमबी पुरते, पण ध्वनीतील काही भाग कायमचा गळतो. मोटारीत ऐकण्याच्या गाण्यांसाठी एमपीथ्री पुरेसे आहे. घरच्या माणसाचा आवाज असेल, तर आमचा आग्रह फ्लॅकसाठीच राहील, कारण फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही करता येते, पण एमपीथ्रीत गळलेले परत मिळत नाही. रिप करण्यापूर्वी प्लेअरच्या सेटिंगमध्ये त्रुटी दुरुस्तीचा पर्याय असल्यास तो सुरू करावा. वेळ जास्त लागतो, पण टिकटिक असा आवाज कमी येतो.

गाण्यांची नावे सहसा ऑडिओ सीडीवर नसतात. प्लेअर गाण्यांच्या लांबीवरून इंटरनेटवरील यादीत ती शोधतो. आपल्याकडच्या स्थानिक सीडी तेथे क्वचितच सापडतात, त्यामुळे ‘अननोन अल्बम’ असे दिसल्यास घाबरू नये, नावे हाताने लिहावीत.

शेवटचीच गाणी अडखळत असतील, तर आधी सीडीची बाहेरची कड पाहावी. वाचन आतून बाहेर होत असल्याने शेवटची गाणी भरलेल्या सीडीत कडेजवळ असतात आणि बोटांचे ठसेही तेथेच पडतात. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून नव्हे. चकाकत्या बाजूवरचा किरकोळ ओरखडा बहुधा निभावतो, कारण तेथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक मध्ये असते. छापील बाजूचा ओरखडा मात्र घातक, कारण नोंद असलेला थर तिकडच्या पातळ लेपाखालीच असतो. म्हणून त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये, कागदी चिकटपट्टीही लावू नये.

घरी लिहिलेल्या सीडींमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ऊन व उष्णतेने खराब होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली अशी सीडी वाचेल याचा भरवसा आम्ही देऊ शकत नाही. अशा सीडी आणल्यास आम्ही प्रथम वाचून पाहतो, किती गाणी निघतील ते सांगतो आणि त्यानंतरच काम हाती घेतो. मूळ सीडी मात्र, गाणी निघाली तरी, टाकून देऊ नये.