जिभेखालचा पडदा कापायचा की नाही, हे फोटोवरून कसं ठरणार?

नव्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हल्ली एक फोटो हमखास येतो. बाळ रडतंय, तोंड उघडं, कुणीतरी बोटाने जीभ वर उचललीय, आणि खाली प्रश्न, "हे टंग टाय आहे ना? कापून घेऊ का?" मग उत्तरं सुरू. एकीने कापून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ मस्त प्यायला लागलं, दुसरीला कुणीतरी लेझरच कर म्हणून सांगितलंय, तिसरीच्या सासूबाई म्हणतात आत्ता कापलं नाही तर पोरगं बोबडं बोलेल. हे वाचून मला राहवत नाही, कारण त्या फोटोत जे दिसतं त्यावरून हा निर्णय होऊच शकत नाही, आणि तो का होऊ शकत नाही हे कळायला बाळ दूध कसं पितं ते आधी कळायला हवं, जे आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार वेगळं आणि फार सुंदर आहे.

आधी थोडी ओळख. आरशासमोर जीभ टाळूला लावा, खाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसेल. तो फ्रेनुलम. तो तुम्हाला आहे, मला आहे, सगळ्यांना आहे, म्हणजे पडदा "असणं" हा काही आजार नाही. काही बाळांमध्ये तो आखूड, जाड किंवा जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलेला असतो आणि त्यामुळे जीभ नीट हलत नाही, त्याला टंग टाय म्हणतात, आपल्याकडे जीभ चिकटलेली आहे म्हणतात. किती बाळांना असतो? 2021 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून एक आकडा काढला गेला, वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये साधारण 8 टक्के, पण वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांपासून खूप लांब आहेत कारण "आखूड" कशाला म्हणायचं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की असा पडदा दिसणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना अंगावर पिताना त्रास होतो. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं तसल्याच जिभेने व्यवस्थित पितात! कशी काय?

बाळ हिरड्यांनी आणि जिभेने दाबून, पिळून दूध काढतं अशी आपली समजूत असते. अनेक वर्षं शास्त्रज्ञांमध्येही हाच वाद होता, जीभ पुढून मागे लाटेसारखी दाब देत दूध पिळते की बाळ ते ओढून घेतं. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला डॉना गेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 बाळांवर एक झकास प्रयोग केला. बाळ पीत असताना त्याच्या हनुवटीखाली अल्ट्रासाउंडचा प्रोब धरला, म्हणजे तोंडाच्या आत जीभ कशी हलते ते लाइव्ह दिसलं, आणि निपलच्या बाजूने एक बारीक नळी ठेवून तोंडातला दाब सतत मोजला. दिसलं असं, की जीभ जेव्हा वर असते, म्हणजे निपलला दाबत असते, तेव्हा दूध फारसं येतच नाही. जीभ खाली जाते तेव्हा दूध वाहतं.

इथे शाळेतला बॉईलचा नियम कामाला येतो. बाळाचे ओठ आणि जिभेचा पुढचा भाग निपलभोवतीच्या काळसर भागावर घट्ट बसतात, मागे मऊ टाळू जिभेच्या मागच्या भागाला टेकतो, झालं, तोंडात एक बंद पोकळी तयार. आता जबडा आणि जिभेचा मधला भाग खाली गेला की पोकळीचं आकारमान वाढतं, आकारमान वाढलं की दाब कमी होतो, पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर होतं तसं. पिताना बाळाच्या तोंडातला दाब एरवीही बाहेरच्या हवेपेक्षा सरासरी 64 मिलिमीटर पाऱ्याने कमी असतो (बीपी मोजतात तेच एकक) आणि जीभ पूर्ण खाली गेली की हा फरक सरासरी 145 पर्यंत जातो. एवढंसं तान्हं बाळ! दुसऱ्या बाजूने आईचं शरीरही ढकलत असतं. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात, म्हणजे आत दाब जास्त, बाळाच्या तोंडात कमी, आणि दूध या फरकाने वाहतं.

ही लय कान देऊन ऐकली तर आईलाही कळते. सुरुवातीला बाळ भराभर चोखतं, सेकंदाला साधारण दोनदा, तेव्हा दूध नुसतं थेंब थेंब असतं. पान्हा फुटला की लय संथ होते, सेकंदाला साधारण एकदा, आणि गिळण्याचा आवाज यायला लागतो, कारण आता ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी एकमेकींत बसवायच्या असतात. जे बाळ अर्धा तास नुसतं भराभर चोखतंय आणि गिळतच नाहीये ते छातीला लागलेलं असलं तरी पीत नाहीये. ही एक गोष्ट ओळखता आली तरी खूप झालं.

2014 मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने अल्ट्रासाउंड आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरून आणखी पुढचं दाखवलं, जिभेचा पुढचा भाग स्वतंत्रपणे फार काही करत नाही, तो जबड्याबरोबर एकसंध वर-खाली होतो, लाटेसारखी हालचाल जिभेच्या मागच्या भागात असते. आता टंग टायकडे या चित्रातून बघा. पडदा आखूड असल्यामुळे जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येऊ शकली नाही, तर पकड उथळ राहते, सील सुटतं, हवा आत जाते, निपल मऊ टाळूच्या जवळ पोचण्याऐवजी पुढेच अडकून चिमटली जाते, आईला चिरा पडतात, बाळ दमून झोपतं आणि वीस मिनिटांत परत रडतं. गेडिस यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, टंग टाय असलेल्या 24 बाळांमध्ये, कुणी निपलचं टोक दाबत होतं तर कुणी बुंधा, आणि पडदा कापल्यावर हे दाबणं कमी झालं, दूध जास्त आलं, आईचं दुखणं उतरलं. पण जर जबडा बरंच काम करतो, आणि आईचा स्तन मऊ, लवचिक असेल, पान्हा जोरात असेल, तर तेवढाच आखूड पडदा असलेलं बाळ मजेत पिऊ शकतं. म्हणजे प्रश्न एकट्या जिभेचा नाही, आई आणि बाळ या जोडीचा आहे. फोटोत अर्धीच जोडी दिसते, आणि तीही रडताना, पिताना नाही.

मग कापल्याने फायदा होतो का? 2012 मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला, सुमारे 60 बाळं. बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं, काहींचा पडदा कापला, काहींचा नाही कापला, आणि आईला सांगितलंच नाही काय केलं ते. कापलेल्या बाळांच्या आयांपैकी 78 टक्के म्हणाल्या आता बरं पितंय. न कापलेल्यांच्या? 47 टक्के! काहीही न करता जवळपास निम्म्या आयांना फरक जाणवला. फायदा खरा आहे, पण "आमच्या बाळाला लगेच फरक पडला" या अनुभवातला केवढा भाग आशेचा, विश्रांतीचा आणि बाळ रोज थोडं शिकत असतं त्याचा आहे हे यातून दिसतं. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) असे 5 प्रयोग, 302 बाळं एकत्र पाहिली, निष्कर्ष असा की आईचं दुखणं थोड्या काळासाठी नक्की कमी होतं, बाळाच्या पिण्यावर मात्र सगळीकडे सारखा परिणाम दिसला नाही. दोन्ही वाक्यं लक्षात ठेवायची. आईचं दुखणं ही किरकोळ गोष्ट नाही, दर दोन तासांनी जखमेवर बाळ घेणारी बाई शेवटी पाजणं सोडते.

आणि याच अर्धवट पुराव्यावर केवढा मोठा धंदा उभा राहिला बघा. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या नोंदींत टंग टायचं निदान 1997 मध्ये 3,934 होतं ते 2012 मध्ये 32,837 झालं, कापण्याचं प्रमाणही तसंच कित्येक पटींनी वाढलं. बाळांच्या जिभा पंधरा वर्षांत आठ-नऊ पट आखूड झाल्या नाहीत, बघणाऱ्यांची नजर बदलली. ब्राझीलने तर 2014 मध्ये प्रत्येक नवजात बाळाची जीभ तपासायचा कायदाच केला. मग "मागचा टंग टाय", "ओठाचा टाय", "गालाचा टाय" अशी निदानं निघाली, खरं तर वरच्या ओठाखालचा पडदा जवळजवळ प्रत्येक तान्ह्याला असतोच. 2019 मध्ये न्यूझीलंडच्या निकी मिल्स यांच्या गटाने विच्छेदन करून दाखवलं की फ्रेनुलम म्हणजे दोरी किंवा तार नाहीच, तोंडाच्या तळावर पसरलेल्या आवरणाची ती घडी आहे, आणि जिभेला संवेदना देणाऱ्या नसेच्या फांद्या त्या आवरणाच्या लगेच खाली असतात. म्हणून पुढचा पातळ पडदा कात्रीने अलगद कापणं वेगळं आणि "पूर्ण रिलीज" म्हणून लेझरने खोल जाणं वेगळं. लेझर साध्या कात्रीपेक्षा चांगलं असल्याचा पुरावा नाही, बिल मात्र मोठं येतं.

मग करायचं काय? बाळ चांगलं पितंय, वजन वाढतंय, आईला दुखत नाहीये, तर पडदा कसाही दिसो, हात लावायचा नाही. दुखतंय किंवा वजन वाढत नाहीये तर पहिल्यांदा कुणीतरी जाणकाराने, लॅक्टेशन कन्सल्टंट (स्तनपानाबद्दल सल्ला देणारी तज्ज्ञ) किंवा अनुभवी नर्स किंवा डॉक्टर, पूर्ण एक फीड बसून बघायला हवं. बरेचदा बाळाला धरण्याची पद्धत बदलली, तोंड मोठं उघडल्यावर छातीला घेतलं, की काम होतं. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनाला यायला हवं आणि मग रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं, पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा शू. हे होत नसेल, पकड सुधारूनही होत नसेल, आणि जीभ खरंच बांधल्यासारखी असेल, तर कापण्यात उशीर करू नये, कारण दूध ओढलं गेलं नाही की आईचं दूध कमी होत जातं आणि मग नंतर कापूनही ते परत येईलच असं नाही. कापायच्या आधी दोन गोष्टी आवर्जून सांगा किंवा विचारा, जन्मल्यावर बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, आणि घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का. बाळाची हनुवटी खूप लहान, मागे गेलेली असेल तर आणखी जपून, अशा बाळात पडदा सुटला तर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. एरवी तान्ह्यामध्ये हे काही सेकंदांचं काम असतं, रक्ताचे दोन-चार थेंब, आणि लगेच अंगावर.

वेखंड मधात उगाळून जिभेवर लावलं की जीभ सुटते असं अजूनही घराघरात सांगतात. पडद्याला वेखंडाने काहीही होत नाही, आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नका, त्यातल्या बोटुलिझमच्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाच्या स्नायूंतली ताकद जाऊ शकते, आणि त्यात दूध ओढणंही जातं.

राहिली बोबडं बोलायची भीती. मराठीत ट, ठ, ड, ण, ळ म्हणायला जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावावं लागतं, त्यामुळे आजी-आजोबांना काळजी वाटते हे मी समजू शकते. पण पुढे उच्चारात अडचण येऊ नये म्हणून तान्ह्या बाळाचा पडदा कापून ठेवावा याला आधार नाही, बहुतेक मुलं आखूड पडद्यानेही हे आवाज काढायला शिकतात. तीन-चार वर्षांचं मूल नेमके हेच आवाज चुकवत असेल तर आधी स्पीच थेरपिस्टकडे न्यावं, तेव्हाही कापता येतं. आणि दीड-दोन वर्षांचं मूल बोलतच नसेल तर ते जिभेच्या पडद्यामुळे नाही. प, ब, म ला जिभेचं टोक लागतच नाही, बाबा म्हणायला फक्त ओठ पुरतात. अशा मुलाची "जीभ जड आहे" म्हणत थांबण्यात महिने जातात, त्याची पहिली तपासणी कानाची हवी, म्हणजे नीट ऐकू येतं का हे मोजणारी ओएई किंवा बेरा चाचणी, आणि ती नवजात असतानाच झाली असेल तर उत्तम.