सणाची पेटी: मुलांसोबत हनुक्का, एलियाहूचा उरूस आणि पुरीम

सणाच्या करून बघायच्या वस्तूंचं सामान भरलेल्या आमच्या पेट्या दोन तऱ्हेच्या घरांत जातात. काही घरं बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची आहेत. त्यांचे सण रायगडात, मुंबई-ठाण्यात, पुण्यात आणि पुढे इस्रायलमध्येही मराठीतून साजरे होत आले आहेत. बाकीच्या घरांत मुलांना ज्यू सणांची ही पहिलीच ओळख असते. दोन्हीकडे आमचं सांगणं एकच आहे: मुलांना तयार वस्तू दाखवू नका, त्यांचे हात कामाला लावा.

हनुक्का (साधारण डिसेंबरात, आठ रात्री)

इ.स.पू. 164 मध्ये मक्काबींनी (ज्यू बंडखोरांनी) जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं. तिथे एका दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस जळलं, अशी कथा आहे. म्हणून दिवे आणि तळलेले पदार्थ. हा सण नाताळाच्या आसपास येतो, पण त्याचा नाताळाशी संबंध नाही. मुलांना हे पहिल्यांदाच सांगून टाका. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना ‘शनवार तेली’ म्हणत, पण तेलाचा हा सण त्यांच्याकडे बराच उशिरा रुजला.

पेटीत शाडूची माती आहे. तिच्या आठ पणत्या एका रांगेत, एका उंचीच्या करायच्या आणि नववी, शमाश, थोडी उंच. इतर दिवे तिच्यानेच लावतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं वाढवत जायचं. मांडणी उजवीकडून डावीकडे होते, पण लावताना सगळ्यात नवा दिवा आधी. तेलाऐवजी मेणबत्त्या वापरणार असाल तर शमाश धरून आठ रात्रींना 44 लागतात. तेवढ्या पेटीत मोजून ठेवल्या आहेत.

हनुक्कात खेळायच्या चौकोनी भोवऱ्यासाठी आखलेला जाड पुठ्ठा आहे. त्याचा चौकोनी ठोकळा करून बरोबर मध्यातून बांबूची काडी घाला. काडी जराशी सरकली तरी भोवरा लगेच कलंडतो, म्हणून भोक मोठ्यांनी पाडावं. चार बाजूंना नून, गीमेल, हे, शीन ही हिब्रू अक्षरं येतात: ‘तिथे मोठा चमत्कार झाला’ या वाक्याची आद्याक्षरं. इस्रायलमध्ये शीनऐवजी पे लिहितात, कारण तिथे ते वाक्य ‘इथे’ असं होतं. दोन्ही प्रकारचे छाप दिले आहेत. खेळायला बेदाणे किंवा फुटाणे घ्या. सगळ्यांनी एकेक मध्ये टाकायचा. नून आलं तर काही नाही, गीमेलला सगळे आपले, हे आलं तर निम्मे, शीन (किंवा पे) आलं तर एक आणखी टाकायचा.

खायला लाटके, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या. चार बटाटे आणि एक कांदा किसा, फडक्यात घालून घट्ट पिळा, मग एक अंडं, दोन चमचे मैदा आणि मीठ. पिळण्याचं काम मुलांना द्या, त्यांना ते फार आवडतं आणि लाटक्यांचा कुरकुरीतपणा त्यावरच आहे. तळायला मात्र मोठेच हवेत.

शब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या घरांसाठी: कापणं, चिकटवणं, लिहिणं शुक्रवारी सूर्यास्ताआधी आटपा. त्या दिवशी हनुक्काचे दिवेही शब्बाथच्या दिव्यांआधी लावायचे असतात, तेव्हा तेल जास्त घाला.

एलियाहू हनाबीचा उरूस (तू बिश्वात)

झाडांचं नववर्ष. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. तिथे मलिदा (गोड पोह्यांचा पदार्थ) होतो. नवस फेडताना, लग्नात, नव्या घरातही होतो. आमच्या मते मुलांसाठी याहून चांगला पदार्थ नाही, कारण गॅस लागत नाही. दोन वाट्या पोहे धुऊन निथळा. एक वाटी ओलं खोबरं, अर्धी वाटी साखर, वेलची, जायफळ, बेदाणे, बदाम-पिस्ते हातानंच कालवा. वर फळं मांडा.

फळं मांडण्याआधी दोन ताटल्या करा: झाडाची फळं एकीकडे, जमिनीची दुसरीकडे, कारण दोन्हींची प्रार्थना वेगळी. खजूर आणि सफरचंद झाडाची. केळं मात्र जमिनीच्या ताटलीत जातं! घड काढला की केळीचा खांब संपतो, म्हणून ती झाडांत धरत नाहीत. मुलं यावर खूप वाद घालतात, घालू द्या.

पुरीम

एस्तेर राणीची गोष्ट वाचायची आणि दुष्ट हामानचं नाव आलं की गोंगाट करायचा. डबीत राजमा भरून खुळखुळा करा, मुखवटे पेटीत आहेत. युरोपातल्या ज्यू घरांत या दिवशी तिकोनी बिस्किटं करतात. बेने इस्रायल याला होळीचा सण म्हणत आले आणि पुरणपोळी करत आले. घडीच्या खोक्यांत खायला तयार असे किमान दोन पदार्थ भरून मुलांनाच शेजारी द्यायला पाठवा.

मागणी करताना

अंडं चालतं का, सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, मुलं किती आणि कोणत्या वयाची, हे कळवा. अंडं नको असेल तर लाटक्यांसाठी तांदळाचं पीठ घालतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मेणबत्त्यांऐवजी कागदी ज्योती पाठवतो. शाळांनी महिनाभर आधी सांगावं, पुठ्ठे आम्ही हातानं आखतो.