चेंडू टॉप झाला की दोष मानेचाच?

गोल्फमध्ये फटका चेंडूच्या डोक्यावर बसून तो घरंगळत गेला, म्हणजेच 'टॉप' झाला, की मागून कुणीतरी हमखास म्हणणारच: "मान वर केलीस!" या खेळातला हा सर्वांत स्वस्त सल्ला, आणि बहुतेक वेळा चुकीचा.

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूला चिकटलेला असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात डोळ्यांनी पाहून दुरुस्ती करणं कुणालाच शक्य नाही. स्वीडनची गोल्फपटू अनिका सोरेनस्टाम हिचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवून फटका मारणं, स्लो मोशनमध्ये पाहा. क्लब चेंडूला लागतो तेव्हा तिचा चेहरा लक्ष्याकडे वळू लागलेला असतो. तिच्या नावावर एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक मालिकेतली 72 विजेतेपदं आहेत, त्यांत 10 मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांतली! 2001 ची ब्रिटिश ओपन जिंकणारा डेव्हिड डुवालही तसाच.

मग टॉप का होतो? कमरेतला बाक सुटून धड उभं राहतं, कोपरं आखडतात, किंवा वजन मागच्या पायावरच राहून स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मान वर येते ती धडाबरोबर. बघणाऱ्याला मात्र तेवढीच दिसते. उलट हनुवटी छातीत खुपसली, तर खांद्याला तिच्याखालून वळायला जागाच उरत नाही.

पटिंगची, म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालण्याची, गोष्ट वेगळी. तिथे डोकं स्थिर ठेवण्याचा खरंच फायदा होतो.

सरावाला चेंडूच नको. गवतावर एक रेघ आखा, 7 आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) घ्या आणि क्लब रेघेच्या पुढचं, लक्ष्याकडचं गवत घासतोय का ते बघा. मागचं घासत असेल, तर आधी वजन पुढच्या पायावर आणा.