बीबीचा उजवा कप: घड्याळाच्या दिशेने आवळू नका

समज असा: सायकलची बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा अ‍ॅक्सल ज्यात फिरतो तो भाग) सैल झाली की तिचे दोन्ही कप, म्हणजे दोन बाजूंनी फ्रेममध्ये आवळायच्या वाट्या, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचे.

डाव्या कपाला हे लागू आहे. इंग्लिश आट्यांच्या बीबीत (शेलची, म्हणजे बीबी बसते त्या फ्रेमच्या नळीची, रुंदी बहुधा ६८ मिमी) चेनकडच्या, म्हणजे उजव्या कपाला मात्र उलटे आटे असतात; तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळतो. पॅडल मारताना फिरत्या भारामुळे कप अ‍ॅक्सलच्या उलट दिशेने किंचित सरकतो. सरळ आटे असते तर तो सुटला असता. ७० मिमीच्या इटालियन शेलला दोन्हीकडे सरळ आटे असतात. तिथे उजवा कप सुटण्याची तक्रार जुनीच!

पडताळायला कप आणि शेलवर मिळून रंगाची एक रेघ मारा. काही दिवसांनी रेघ तुटली, तर कप फिरतोय. जुळलेलीच असेल आणि तरी क्रँक (पॅडलचा दांडा) हलत असेल, तर छर्रे किंवा क्रँकचा बोल्ट तपासा.