सोने स्वतः प्रकाशू लागते तेव्हा: प्रतिदीप्त नॅनोक्लस्टरची पार्श्वभूमी

सोन्याची अंगठी अतिनील दिव्याखाली धरली, तर ती चकाकते, पण स्वतःचा प्रकाश देत नाही. त्याच सोन्याचे पंचवीसेक अणू एखाद्या प्रथिनाच्या वेटोळ्यात अडकवले, की त्याच दिव्याखाली द्रावण लाल उजळते. मोजक्या अणूंच्या अशा गोळ्याला नॅनोक्लस्टर किंवा पुंज म्हणतात; शोषलेला प्रकाश नव्या रंगात परत देणे म्हणजे प्रतिदीप्ती.

सुरुवात मायकेल फॅरडे यांच्यापासून करावी लागते. सोन्याच्या द्रावणाचा माणकासारखा लाल रंग अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असे त्यांनी 1857 मध्ये मांडले. 1908 मध्ये गुस्टाव मी यांनी त्या रंगाचे गणित सोडवले. पण ते कण प्रकाश शोषत आणि विखुरत होते, नव्या रंगात परत देत नव्हते. 1969 मध्ये मूराडियन यांनी सोन्या-तांब्यातून येणारी दीप्ती मोजली. हजार कोटी फोटॉन शोषले जावेत, तेव्हा जेमतेम एक बाहेर यावा, इतकी ती क्षीण होती! धातूत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या एकमेकींना खेटून असतात. मिळालेली ऊर्जा त्यांवरून घसरत उष्णता होऊन जाते. कण सुमारे दोन नॅनोमीटरहून लहान झाला, की या पातळ्या सुट्या होतात आणि धातू रेणूसारखा वागू लागतो.

म्हणजे प्रश्न उरला तो नेमक्या संख्येच्या अणूंचा पुंज बनवण्याचा. अमेरिकेत रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने डेन्ड्रिमर या फांद्याफांद्यांच्या रेणूत सोने कोंडले. 2003 मध्ये त्यांच्या आठ अणूंच्या पुंजाने निळा प्रकाश दिला, क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती परत बाहेर येतात, ते प्रमाण) सुमारे 41 टक्के. पुढच्याच वर्षी त्यांनी डीएनएच्या साच्यात चांदीचे पुंज घडवले.

मला मात्र या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना एक दुरुस्ती वाटते. ग्लुटाथायोन या पेशींत आढळणाऱ्या गंधकयुक्त लहान रेणूचे कवच असलेला एक सुवर्णपुंज बरीच वर्षे 28 अणूंचा समजला जात होता; त्याची दीप्तीही त्याच नावाने नोंदली गेली. 2005 मध्ये जपानमधील नेगिशी आणि त्सुकुदा यांनी जेलवर आकारानुसार वेगळे केलेले पुंज वस्तुमान वर्णपटमापीत, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, पुन्हा तपासले, तेव्हा अणू 25 निघाले. आकडाच चुकला असेल, तर प्रकाशाचे कोणतेही स्पष्टीकरण हवेतच राहते. 2008 मध्ये स्फटिकरचनाही मिळाली: आत 13 अणूंचा गाभा, भोवती सोने-गंधकाच्या सहा कड्या.

2009 मध्ये सिंगापूरहून आलेली कृती तर थक्क करणारी आहे. गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन, सुवर्णक्षार, थोडा कॉस्टिक सोडा, 37 अंश तापमान आणि बारा तास. लाल प्रकाश सुमारे 640 नॅनोमीटरला, यील्ड सहा टक्क्यांच्या आसपास. महागडी भट्टी नको, विषारी द्रावक नको.

प्रकाश नेमका कुठून येतो, यावर वाद आहे. पूर्वी सगळे श्रेय गाभ्याला दिले जाई. 2012 मध्ये सिंगापूरमधल्याच संशोधकांनी दाखवले, की सोने-थायोलेटचे, म्हणजे कवचात असतात तसे सोने आणि गंधकयुक्त रेणूंचे, धागे एकत्र गोळा झाले, तरी दीप्ती वाढते. तेव्हापासून नवा पुंज बनला, की वर्णपटाबरोबर त्याच्या कवचाचीही झडती घेतली जाते.