छातीवर बसलेलं भूत आणि त्याचा चित्रकार

शेक्सपिअरच्या चेटकिणी आणि इंग्रज कवी मिल्टनचा सैतान रंगात उतरवणारा हेन्री फ्युसेली मुळात चित्रकार नव्हताच. जन्म १७४१चा, झुरिचचा. वडील स्वतः चित्रकार, पण पोराने धर्मोपदेशक व्हावं हा त्यांचा आग्रह. १७६१मध्ये तो झालाही. पुढच्याच वर्षी लाव्हाटर या मित्राबरोबर त्याने एका जुलमी अधिकाऱ्याचं बिंग फोडलं. अधिकारी बड्या घरचा निघाला आणि गाव सोडायची पाळी या दोघांवर आली.

लंडनला तो भाषांतरांवर पोट भरू लागला. तिथला नामवंत चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स याने रेखाटनं पाहून चित्रकलेकडे वळायला सांगितलं, तेव्हा त्याची पंचविशी उलटली होती. मग रोममध्ये आठ वर्षं. मायकेलअँजेलोचे पिळदार देह तिथे डोक्यात बसले ते कायमचे. विषय मात्र शाळेपासूनचे: गुरू बोडमर यांनीच मिल्टनचं महाकाव्य जर्मनमध्ये आणलं होतं. हा माणूस पाहिलेलं नव्हे, वाचलेलं रंगवत होता.

गंमत म्हणजे नाव झालं ते कुठल्याच पुस्तकात नसलेल्या दृश्यामुळे. 'द नाइटमेअर', म्हणजे दुःस्वप्न, १७८१. पांढऱ्या वस्त्रातली बाई पलंगावर उताणी, डोकं नि हात काठावरून खाली लोंबलेले. अंगावर एक बसकं भूत, थेट आपल्याकडे बघणारं. पडद्याआडून बुबुळं नसल्यासारख्या डोळ्यांचा घोडा. इंग्रजीत 'मेअर' म्हणजे घोडी, पण या शब्दातली 'मेअर' ती नव्हे. झोपेत छातीवर येऊन बसणारं ते जुनं भूत. 'छातीवर कोणीतरी बसलं, ओरडायला आवाजच फुटेना' हे आपल्याकडेही ऐकू येतं, त्यामुळे मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

१७८२मध्ये रॉयल अकादमी या लंडनच्या कलासंस्थेत ते लागलं आणि खळबळ उडाली. पुढच्या वर्षी निघालेल्या छापील प्रती घरोघरी गेल्या, व्यंगचित्रकारांनी त्यावर पुढाऱ्यांची टर उडवली. उलट मिल्टनवरची चाळीसेक चित्रं, जी त्याने वर्षानुवर्षं खपून केली, त्यांचं १७९९चं प्रदर्शन साफ आपटलं. अकादमीने मात्र त्याच वर्षी त्याला प्राध्यापक केलं. निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलसारखे विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकले. १८२५मध्ये तो गेला.

'नाइटमेअर' आता डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. त्याच कॅनव्हासच्या पाठीवर एका तरुणीचं अर्धवट सोडलेलं चित्र आहे. ती लाव्हाटरची भाची ॲना लँडोल्ट असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. फ्युसेली तिच्या प्रेमात पडला होता. तिच्या वडिलांना हे स्थळ पसंत पडलं नाही.